अतिशीताचे उपासक : प्रोफेसर कामर्लिंग ओनेस

उन्हाळ्याच्या दिवसांत बर्फाचा खडा मुठींत अधिक वेळ कोण धरूं शकतो, अशी पैज मुलें आपसांत लावतांना आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. थोड्याच वेळांत बोटें बधिर होतात, डोळ्यांत पाणी येतें, आणि खडा खालीं पडतो. याहूनहि अधिक थंड असें या जगांत कांहीं असेल काय, असा प्रश्न त्या वेळीं एखाद्या चौकस मुलाच्या मनांत उभा राहतो. या प्रश्नास उत्तर आहे, आणि तें मोठें चमत्कारिक आहे. उष्णता म्हणजे पदार्थाच्या सूक्ष्म कणांची हालचाल होय. ही हालचाल कमी कमी होत गेली म्हणजे पदार्थ थंड होत जातो. आणि ती कमी होणें जितकें शक्य आहे तितकी कमी झाली म्हणजे थंडीचा तळच लागतो. बर्फाच्या शून्य अंशाखालीं सुमारें २७३ अंशांवर हा तळ आहे. त्यास शास्त्रज्ञ केवल शून्य असें म्हणतात. त्याच्या खालीं पायरी नाहीं.

या तळाच्या दिशेनें एक एक पायरी उतरत जाण्यांत ज्यांनीं आपलें सारें आयुष्य वेंचलें, आणि वाटेंत ज्यांस विजेचा एक अद्भुत धर्म सांपडला, त्या हाइके कामर्लिंग ओनेस या थोर डच शास्त्रज्ञांचें चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजीं हॉलंड देशाच्या उत्तर भागांतील ग्रोनिंगेन या शहरीं झाला. त्यांच्या वडिलांचा विटा व कौलें भाजण्याचा कारखाना होता. ज्या मुलानें पुढें साऱ्या जगांतील अत्यंत थंड जागा निर्माण केली, तो भट्ट्यांच्या धगीशेजारीं लहानाचा मोठा झाला, ही गोष्ट मौजेची नव्हे काय? घर सुखवस्तु होतें. परंतु शिस्त कडक होती. मुलांनीं आळसांत वेळ दवडूं नये, हातीं घेतलेलें काम तडीस न्यावें, असा आईबापांचा कटाक्ष असे. त्याच घरांतील मेन्सो नांवाचा हाइके यांचा धाकटा भाऊ पुढें नामांकित चित्रकार झाला.

१८७० सालीं ओनेस ग्रोनिंगेनच्या विद्यापीठांत दाखल झाले. दुसऱ्याच वर्षीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, युट्रेक्ट विद्यापीठानें लावलेल्या निबंधाच्या स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. मग ते जर्मनींतील हायडेलबर्ग येथें गेले. तेथें बुन्सेन व किर्खोफ हे दोन जगद्विख्यात गुरु त्यांस लाभले. आमच्या प्रयोगशाळेंतील ज्या दिव्यावर मुलें परीक्षानळी तापवितात, त्या दिव्यास नांव देणारे तेच हे बुन्सेन. तेथून परतल्यावर ओनेस यांनीं डॉक्टरच्या पदवीसाठीं जो विषय घेतला तो पृथ्वीच्या स्वतःभोंवतीं फिरण्याच्या नव्या पुराव्यांचा होता. लंबकाचा झोका हळुहळू आपली दिशा बदलतो, त्यावरून पृथ्वी फिरते हें सिद्ध होतें. परंतु लंबक थोडा जरी सदोष असला तरी हिशेब चुकतो. तो दोष शोधून काढून त्याचें नेमकें गणित मांडणें हें त्यांचें काम होतें. १८७९ सालीं त्यांस ती पदवी मिळाली. लहानशा चुकीचा माग काढण्याची ही संवय त्यांस जन्मभर उपयोगीं पडली.

१८८२ सालीं, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षीं, लायडन येथील पुरातन विद्यापीठांत प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर म्हणून त्यांची नेमणूक झाली. आपल्या पहिल्याच व्याख्यानांत त्यांनीं आपला मार्ग स्पष्ट सांगितला. मोजमापांतूनच ज्ञानाचा उदय होतो. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर हें तत्त्व लिहून ठेवावें, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्या काळीं कित्येक विद्वान् नव्या चमत्काराच्या मागें लागत व अंदाजावर समाधान मानीत. ओनेस यांस तें पटत नसे. पाहिलेली गोष्ट अंकांत मांडतां आली नाहीं, तर ती आपणांस पुरती कळली नाहीं, असें ते मानीत.

मग थंडीच्याच मागें ते कां लागले? त्याचें कारण त्यांचे देशबंधु व स्नेही प्रोफेसर व्हान डेर वाल्स हे होत. व्हान डेर वाल्स यांनीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, सर्व वायु एकाच सर्वसामान्य नियमानें वागतात, आणि योग्य इतकी थंडी व दाब मिळाला तर प्रत्येक वायूचें पाणी झालें पाहिजे. हा नियम खरा कीं खोटा, हें ठरविण्यास वायूंची परीक्षा अत्यंत थंड स्थितींत करणें जरूर होतें. म्हणजे ओनेस यांस थंडीचा उच्चांक गांठावयाचा नव्हता, तर एका मित्राच्या सिद्धान्ताची कसोटी पाहावयाची होती.

थंडी निर्माण कशी करितात, हें समजणें कठीण नाहीं. मातीच्या माठांतून पाणी पाझरतें, तें उडून जातांना उष्णता घेऊन जातें, आणि आंतील पाणी गार होतें. सायकलच्या चाकांतील दाबलेली हवा सोडून देतांना तेथें बोट धरलें तर ती गार लागते. या दोन साध्या गोष्टींवरच सारें तंत्र उभें आहे. एका वायूस दाबून व थंड करून त्याचा द्रव करावयाचा. तो द्रव उडवून त्याच्या थंडीनें दुसऱ्या, अधिक हट्टी वायूचा द्रव करावयाचा. आणि त्या दुसऱ्याच्या साह्यानें तिसऱ्याचा. लायडन येथें मेथिल क्लोराइड, इथिलीन व प्राणवायु यांची अशी पायऱ्यांची उतरण बांधण्यास ओनेस यांस सुमारें दहा वर्षें लागलीं. परंतु ती पुरी झाली तेव्हां तिच्यांतून द्रवरूप हवा थेंबाथेंबानें नव्हे, तर दर ताशीं कित्येक लिटर या प्रमाणांत मिळूं लागली.

इतक्यांत एक अनपेक्षित संकट ओढवलें. १८०७ सालीं लायडन शहराच्या मध्यावर दारूनें भरलेल्या एका जहाजाचा भयंकर स्फोट होऊन सुमारें दीडशें माणसें मृत्यु पावलीं होतीं, व घरांच्या ओळीच्या ओळी जमीनदोस्त झाल्या होत्या. त्याच उजाड जागेवर पुढें ही प्रयोगशाळा उभी राहिली. तेथें दाबलेल्या वायूंचे नळे भरून ठेवले जातात हें कळतांच १८९५ सालीं शहरांतील लोकांस धास्ती वाटूं लागली. प्रकरण सरकारपर्यंत गेलें, चौकशीसाठीं तज्ज्ञांची समिति बसली, आणि १८९८ पर्यंत, म्हणजे जवळ जवळ तीन वर्षें, दाबलेल्या वायूंचें काम बंद राहिलें. लोकांची भीति निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या गांवानें एकदां असा आघात सोसला त्यानें सावध असावें हें स्वाभाविकच होय. परंतु ओनेस यांस या विलंबाची मोठी किंमत द्यावी लागली. हायड्रोजन वायूचा द्रव करण्याची तेव्हां चढाओढ लागली होती. १८९८ च्या मे महिन्यांत लंडन येथील जेम्स ड्यूअर यांनीं ती जिंकली. आपण चहा ऊन ठेवण्यास जो थर्मास वापरतों त्याचे मूळ जनक तेच हे ड्यूअर. विशेष हें कीं, याच ड्यूअर यांनीं लायडनच्या प्रयोगशाळेचें काम पुन्हां सुरू व्हावें म्हणून तिच्या बाजूनें पत्र लिहिलें होतें. प्रतिस्पर्ध्यानें दाखविलेलें हें औदार्य ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

शर्यत हरल्यावर दुसरा एखादा हताश झाला असता. परंतु ओनेस यांनीं घाई केली नाहीं. हायड्रोजनचा द्रव पुरेसा व नियमितपणें देणारें यंत्र त्यांनीं १९०६ सालीं तयार केलें. ड्यूअर यांच्यानंतर आठ वर्षांनीं! परंतु तें यंत्र इतकें भरंवशाचें होतें कीं, पुढच्या पायरीवर पाऊल टाकण्याची तयारी तेव्हां जगांत एकट्या लायडनमध्यें झाली होती.

या यशाचें मर्म सांगतांना एका गोष्टीकडे आम्ही पालकांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों. ओनेस यांस हें पक्कें ठाऊक होतें कीं, असलीं कामें एकट्या प्रोफेसराच्या बुद्धीनें होत नाहींत. त्यांस कुशल हात लागतात. म्हणून १९०१ सालीं त्यांनीं लायडन येथें उपकरणें बनविणाऱ्या कारागिरांची शाळा सुरू करण्याची व्यवस्था केली. शाळा सोडलेलीं गांवांतील मुलें तेथें येत, प्रयोगशाळेंत काम करीत करीत कांच फुंकणें, धातु कांतणें, नळ्या जोडणें शिकत, आणि रात्रीं वर्गांत बसून गणित व रेखाकला यांचा अभ्यास करीत. त्यांच्या निळ्या डगल्यांवरून त्यांस सारा गांव निळीं पोरें म्हणून ओळखी. प्रयोगशाळेंतील यंत्रांचे प्रमुख फ्लिम आणि कांचकामाचे प्रमुख केसेलरिंग हे ओनेस यांचे उजवे व डावे हातच होते. कचेरींतील खुर्ची म्हणजे प्रतिष्ठा, व हातोडी-कानस म्हणजे कमीपणा, असें मानणाऱ्या आपल्या समाजानें या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

आतां एकच वायु उरला होता, व तो सर्वांत हट्टी होता. त्याचें नांव हेलियम. या वायूच्या शोधाची कथा आपल्या देशाशीं निगडित आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. त्या वेळीं गुंटूर येथें आलेल्या जान्सेन या फ्रेंच ज्योतिषानें सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा प्रकाश तपासला. त्या ज्वाळांच्या प्रकाशांत जी एक पिवळी रेषा आढळली ती पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात पदार्थाची नव्हती, असें पुढें ठरलें. इंग्रज शास्त्रज्ञ लॉक्यर यांच्या मतें ती एका नव्या मूलद्रव्याची होती, व सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्यास हेलियम हें नांव मिळालें. १८९५ सालीं रॅम्से यांनीं तोच वायु पृथ्वीवरील एका खनिजांतून काढला. परंतु तो अत्यंत दुर्मिळ होता. ओनेस यांचे बंधु ओनो हे व्यापारी माहिती पुरविणाऱ्या सरकारी कचेरीचे प्रमुख होते. त्यांनीं अमेरिकेंतील मोनॅझाइट नांवाची वाळू भरपूर मिळवून दिली. ती तापवून व शुद्ध करून रसायनशास्त्रज्ञांनीं मोठ्या कष्टानें ३६० लिटर हेलियम गोळा केला.

येथें एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. १९०८ सालच्या आरंभीं एका प्रयोगांत नळींत पांढरा घन पदार्थ चमकलेला दिसला. हेलियम गोठला असें ओनेस यांस वाटलें, व त्यांनीं ड्यूअर यांस तारेनें तसें कळविलें. परंतु अधिक तपास केल्यावर आढळलें कीं, त्या वायूंत थोडा हायड्रोजन मिसळलेला होता, व गोठलेला पदार्थ तो होता. प्रतिस्पर्ध्यास आधींच कळविलेली बातमी मागें घेणें हें किती लाजिरवाणें! परंतु ओनेस यांनीं ती उघडपणें मागें घेतली, आणि हेलियम अधिक शुद्ध करण्यास बसले. चूक लपविली असती तर त्यांची पुढील वाटच बंद झाली असती.

१० जुलै १९०८ हा दिवस उजाडला. आदल्या दिवशींच ७५ लिटर द्रव हवा तयार करून ठेविली होती. पहाटे पावणेसहा वाजतां हायड्रोजनचें काम सुरू झालें, आणि दुपारीं दीड वाजेपर्यंत त्याचा २० लिटर द्रव हातीं आला. चार वाजून वीस मिनिटांनीं हेलियम यंत्रांतून खेळूं लागला. सायंकाळ झाली. उष्णतामापकाचा आंकडा खालीं खालीं गेला, आणि मग एके ठिकाणीं थबकला तो हलेना. द्रव हायड्रोजनची शेवटची बाटली जोडली गेली. कांचेच्या पात्रांत कांहींच दिसत नव्हतें. साऱ्यांच्या मुखावर निराशा पसरली. तितक्यांत रसायनशास्त्राचे प्रोफेसर श्राइनेमाकर्स प्रयोग पाहण्यास आले होते त्यांनीं सुचविलें कीं, उष्णतामापक द्रवांत बुडाला असल्यामुळेंच तर आंकडा स्थिर नसेल ना? पात्रास खालून उजेड दाखवून पाहावें. तसें करतांच पात्रांतील द्रवाचा पृष्ठभाग सुरीच्या धारेसारखा एकदम स्पष्ट दिसला! हेलियमचा द्रव झाला होता, परंतु तो इतका निर्मळ होता कीं, डोळ्यांसमोर असून दिसत नव्हता. सारा मिळून तो ६० घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाइतका होता. केवल शून्य तेथून केवळ चार अंशांवर होतें. पुढें १९२३ पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षें, द्रव हेलियम जगांत लायडनखेरीज कोठेंहि तयार होत नव्हता.

हें नवें साधन हातीं येतांच ओनेस यांनीं विजेचा प्रश्न हातीं घेतला. तारेंतून वीज जातांना तीस अडथळा होतो. त्यामुळेंच विजेच्या दिव्याची तार तापून प्रकाश देते. धातु थंड केला म्हणजे हा अडथळा कमी होतो हें ठाऊक होतें. परंतु अगदीं तळाशीं गेल्यावर काय होईल? कांहीं विद्वानांचें मत असें कीं, धातूंतील विद्युत्कण गोठून जातील व अडथळा बेसुमार वाढेल. दुसऱ्या कांहींस वाटे कीं, तो हळुहळू नाहींसा होईल. वादानें निर्णय होण्याजोगा नव्हता. मोजमापच हवें होतें. सोनें व प्लॅटिनम यांचे प्रयोग झाले, परंतु त्यांतील भेसळीमुळें निकाल स्पष्ट होईना. पारा मात्र पुनःपुन्हां ऊर्ध्वपातन करून अत्यंत शुद्ध करितां येतो. म्हणून ओनेस यांनीं पाऱ्याची निवड केली. केसासारख्या बारीक कांचेच्या नळ्यांत तो भरला गेला.

८ एप्रिल १९११ रोजीं तो प्रयोग झाला. फ्लिम व डोर्समन थंडीच्या यंत्रापाशीं उभे होते. पंपांच्या धडधडीनें नाजुक मापकास धक्का पोंचूं नये म्हणून दूरच्या एका खोलींत गिलेस होल्स्ट नांवाचे तरुण सहाय्यक अडथळा मोजीत बसले होते. दुपारीं चारच्या सुमारास, केवल शून्याच्या वर तीन अंशांवर, पाऱ्याचा अडथळा जवळ जवळ शून्य झाला असल्याची नोंद वहींत झाली. पुढील महिन्यांत उष्णमान हळुहळू वाढवून पाहिलें, तेव्हां खरें आश्चर्य समोर आलें. अडथळा क्रमाक्रमानें परत येत नव्हता, सुमारें ४.२ अंशांवर तो एकाएकी उडी मारून प्रकट होत होता. एका बाजूस साधा धातु, आणि केसभर खालीं उतरतांच जिच्यांत विजेस कसलाच अडथळा नाहीं अशी एक अगदीं निराळी अवस्था! या अवस्थेस आपण अतिसंवाहकता म्हणतों. यंत्र सांभाळणाऱ्या एका मुलास डुलकी लागल्यामुळें हा शोध लागला, अशी एक आख्यायिका पुष्कळ वर्षें सांगितली जात असे. परंतु अलीकडे ओनेस यांच्या मूळ टिपणवह्या वाचल्या गेल्या, तेव्हां तिला आधार नाहीं असें दिसून आलें. शोध डुलकीनें लागला नाहीं. जागरूक माणसांच्या काळजीपूर्वक मोजमापानें लागला.

परंतु चरित्रकारानें केवळ स्तुतीच गाऊं नये. हा शोध ज्या निबंधांतून जगापुढें आला त्यावर एकट्या ओनेस यांचें नांव होतें. मापकाजवळ बसून ज्यांनीं तो आंकडा प्रथम पाहिला त्या होल्स्ट यांचा आभारपूर्वक उल्लेख आंत होता, परंतु लेखक म्हणून नव्हता. त्या काळच्या प्रयोगशाळांतील रीत तशी होती हें खरें. आणि सारी योजना, सारें यंत्र, तीस वर्षांची तपश्चर्या ओनेस यांचीच होती हेंहि खरें. तरीपण आजच्या न्यायबुद्धीस तें उणें वाटतें. होल्स्ट यांनीं पुढें १९१४ सालीं आइंडहोव्हेन येथील फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेची धुरा घेतली व तेथें मोठा लौकिक मिळविला. मोठ्या माणसाच्या उजेडांत दुसऱ्या कोणाचे हात झांकले गेले आहेत काय, हें पाहण्याची संवय विद्यार्थ्यांनीं लावून घ्यावी.

१९१२ च्या अखेरीस शिसें व कथील हे धातुहि याच जातीचे आहेत असें आढळलें. १९१३ सालीं ओनेस यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९१४ सालीं त्यांनीं शिशाच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज सुरू केली व मूळ बॅटरी काढून घेतली. तरी वीज फिरतच राहिली! जवळ ठेवलेली चुंबकसूची तासन् तास वळलेलीच राहिली. ओनेस यांस वाटलें कीं, अशा तारेचें वेटोळें करून प्रचंड बळाचा चुंबक बनवितां येईल. परंतु निसर्गानें येथें त्यांस अडविलें. थोडें अधिक चुंबकबळ लागतांच शिशाची ती अवस्था मोडे व अडथळा परत येई. त्यांचें हें स्वप्न त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. दुसऱ्या जातीच्या मिश्रधातूंनीं तें पुढें पुरें केलें. आणि आज मोठ्या इस्पितळांत शरीराच्या आंतील चित्र काढणाऱ्या एमआरआय यंत्रांत असलींच वेटोळीं बहुधा द्रव हेलियमनें थंड राखलेलीं असतात.

ओनेस यांची प्रकृति लहानपणापासून नाजुक होती, व श्वसनाचा विकार त्यांस सतावीत असे. परंतु त्यांच्या घराचें दार परदेशीय पाहुण्यांस सदैव उघडें असे. पहिल्या महायुद्धाच्या काळीं व त्यानंतर, राष्ट्राराष्ट्रांतील शास्त्रज्ञांचीं मनें पुन्हां जुळावींत म्हणून ते झटले, आणि अन्नाच्या टंचाईनें गांजलेल्या देशांतील उपाशी मुलांस मदत पोंचविण्याच्या कामीं त्यांनीं पुढाकार घेतला. १९२२ सालीं ते केवल शून्याच्या वर ०.८३ अंशापर्यंत उतरले. त्याखालीं मात्र त्यांस जातां आलें नाहीं. हेलियम गोठविण्याची त्यांची इच्छाहि अपुरी राहिली. २१ फेब्रुवारी १९२६ रोजीं लायडन येथें त्यांचें देहावसान झालें. आणि त्याच वर्षीं, कांहीं महिन्यांनीं, त्यांचे शिष्य केसोम यांनीं तीहि गोष्ट साधली. त्यांच्या अंत्ययात्रेची एक हृद्य आठवण सांगतात. प्रार्थनेस उशीर झाल्यामुळें शवाची गाडी भरभर जाऊं लागली, व मागून चालणाऱ्या कारागिरांची दमछाक झाली. मालकांनीं मरणानंतरहि आपणांस धांवावयास लावलें, असें ते डोळे पुशीत एकमेकांस म्हणाले. कठोर शिस्तीच्या धन्यावर नोकरांचें प्रेम किती होतें, हें यावरून कळून येतें.

त्यांनीं लाविलेलें रोप पुढें कसें वाढलें, हेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अडथळा नाहींसा कां होतो याचें समाधानकारक उत्तर १९५७ सालीं बार्डीन, कूपर व श्रीफर यांनीं दिलें : या अवस्थेंत विद्युत्कण जोडीजोडीनें वावरतात व सारे एका तालांत चालतात. मग १९८६ सालीं स्वित्झर्लंडमधील बेडनॉर्झ व म्यूलर यांनीं एक नवलच दाखविलें. ऑक्साइड म्हणजे धातु व प्राणवायु यांचा संयोग. लोखंडावरचा गंज हें त्याचें नेहमींचें उदाहरण. असले पदार्थ बहुधा विजेस अडवितात, म्हणून तर तारा चिनी मातीच्या खुंट्यांवर ताणतात. परंतु या दोघांस तांब्याच्या एका ऑक्साइडांत सुमारें ३५ अंशांपर्यंत अतिसंवाहकता आढळली, आणि पुढील वर्षीं दुसऱ्या एका तशाच ऑक्साइडानें ती ९३ अंशांपर्यंत नेली.

याहूनहि आश्चर्याची गोष्ट पुढें घडली. २००४ सालीं ओहतोमो व ह्वांग यांनीं दाखविलें कीं, स्ट्रॉन्शियम टायटॅनेट व लॅन्थॅनम ॲल्युमिनेट हीं दोन ऑक्साइडें एकेकटीं विजेस अडवितात, परंतु एकाच्या स्फटिकावर दुसऱ्याचा अणूअणूनें पातळ थर चढविला तर दोघांच्या सीमेवरून वीज वाहूं लागते! २००७ सालीं जिनीव्हा व आउग्सबुर्ग येथील शास्त्रज्ञांनीं तीच सीमा केवल शून्याच्या वर सुमारें ०.२ अंशापर्यंत थंड केली, तेव्हां तिच्यांतील अडथळा पार नाहींसा झाला. हा वीज वाहणारा पदर मिलिमीटरच्या एक लक्षांशाइतकाच जाड असतो. आणि पुढील वर्षीं असें दिसलें कीं, बाहेरून विजेचा दाब देऊन तो दिव्यासारखा चालू व बंदहि करितां येतो. ओनेस ज्या पायरीवर थांबले त्याच्याहि खालीं, पुष्कळ खालीं, ही गोष्ट लपून होती. आणि त्यांच्या वडिलांच्या भट्टींत भाजलेलीं कौलें तरी कशाचीं होतीं? तींहि मुख्यतः ऑक्साइडांचींच होतीं.

असो. १९३२ पासून लायडनच्या त्या प्रयोगशाळेस ओनेस यांचें नांव मिळालें. आज त्या वास्तूंत विद्यापीठाचा कायद्याचा वर्ग भरतो. परंतु नांव तेंच आहे. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत द्रव हेलियम नाहीं. तराजू आहे, उष्णतामापक आहे, आणि रेघा ओढलेली वही आहे. वहींत अपेक्षित उत्तर आधींच लिहून मग तसा आंकडा बसविण्याचा मोह कोणाकोणास होतो, हें आम्हांस ठाऊक आहे. त्या वेळीं पाठविलेली तार मागें घेणाऱ्या या वृद्ध प्रोफेसरांची आठवण विद्यार्थ्यांनीं करावी, आणि जो आंकडा दिसला तोच लिहावा.